बाईंनी लिहायला लावलेला फळा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागवणाऱ्या पत्रात संपादक मंडळाने ‘शाळेने आपल्याला काय दिले’ असा विषय सुचवला आहे. माझी सारी नोकरी जनसंपर्क खात्यात झाली आणि त्यातला बराचसा काळ कंपनीच्या मालापेक्षा पाण्याच्या योजना, रक्तदान आणि पूरग्रस्तांची सोय यांतच गेला. त्यामुळे मी वक्तृत्व स्पर्धांवर किंवा स्नेहसंमेलनावर लिहीन, अशी मंडळाची अपेक्षा असावी. ती माझ्याकडून पूर्ण होणार नाही, कारण मला जे मिळाले ते सगळे भूगोलाच्या बाईंकडून मिळाले. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले तरी कोण ते सर्वांना कळते, म्हणून आडनाव लिहीत नाही.

फाटकाजवळचा सूचनांचा फळा त्यांच्या ताब्यात होता आणि अक्षर बरे म्हणून तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बाईंची तपासण्याची रीत ठरलेली होती. मजकूर लिहून झाला की त्या रस्ता ओलांडून पलीकडे उभ्या राहत आणि तिथून वाचत. सायकलवरून जाणाऱ्याला उतरावे लागता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. मग शिपाईमामांना बोलावून मोठ्याने वाचायला सांगत. वाचून झाल्यावर मामांना एक जरी प्रश्न पडला, ‘पण केव्हा?’ किंवा ‘कुणाला भेटायचं?’, तर ओल्या फडक्याने सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ‘प्रचंड’, ‘भव्य’, ‘उत्स्फूर्त’ हे शब्द तर त्या फळ्यावर टिकलेच नाहीत. “प्रचंड म्हणजे किती रे?” एवढेच त्या विचारत आणि उत्तर नसले की खडू खाली ठेवावा लागे.

मी नववीत असताना श्रावणात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, मोठा पूर आला. नाशिककराला पुराचा अंदाज आकड्यांत सांगावा लागत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले, एवढे पुरते. सकाळी ते गुडघ्याशी होते, मधल्या सुट्टीपर्यंत कमरेच्या वर गेले, आणि त्यानंतर गंगापूर धरण फुटल्याची आवई उठली. सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल डोक्यावर घेऊन दहीपुलाकडून वर धावू लागले, आणि घाबरलेल्या आयाबाया मुलांना न्यायला फाटकाशी जमल्या. बाई मला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या, कारण शाळेतला एकमेव फोन तिथे होता. पाटबंधारे खात्याची लाइन लागेपर्यंत त्या डायल फिरवत राहिल्या. लाइन लागल्यावर त्यांनी विचारले ते प्रश्न मला अजून क्रमाने आठवतात: धरण शाबूत आहे का, किती क्युसेक सोडले आहे, किती वाजल्यापासून, ते पाणी होळकर पुलाशी केव्हा पोहोचेल, आणि ही माहिती देणाऱ्याचा हुद्दा काय. उत्तरे त्यांनी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.

फळ्याशी आल्यावर मुख्याध्यापकांनी सुचवले, की ‘नागरिकांनी घाबरू नये’ असे ठळक लिहावे. बाई म्हणाल्या, “घाबरू नका असं लिहिलं की माणूस आधी घाबरतो. काय आहे ते लिहू या. किती घाबरायचं ते त्याचं तो ठरवील.” मग धरण शाबूत असल्याचे एक वाक्य, विसर्गाचा आकडा, पाणी सोडल्याची वेळ, माहिती देणाऱ्याचा हुद्दा आणि पुढची माहिती याच फळ्यावर किती वाजता मिळेल ते, एवढेच लिहिले गेले. खाली बारीक अक्षरांत त्यांनी एक ओळ घालायला लावली, की एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. ही ओळ वाचून एक आजी म्हणाल्या, “म्हणजे दोन हंडे,” आणि रडणाऱ्या सुनेला घेऊन तिथेच पायरीवर बसल्या. ज्यांची घरे घाटालगत होती त्या मुलांना बाईंनी शाळेतच ठेवून घेतले, त्यांना खिचडी खाऊ घातली, आणि फळा सांगितलेल्या वेळेला न चुकता बदलला. एकदा नवी माहिती काहीच नव्हती, तेव्हा ‘बदल नाही’ असे लिहून वर वेळ घातली. जनसंपर्काच्या पदविकेत पुढे मला ‘आपत्काळातील संवाद’ या नावाने जे शिकवले गेले, त्यात या दुपारपेक्षा अधिक काही नव्हते.

पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एकदा शीतगृहातून अमोनियाची गळती झाली आणि वरिष्ठांनी ‘परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे’ असा मसुदा माझ्या हाती दिला. मी तो बाजूला ठेवला आणि कोणता वायू, वारा कोणत्या दिशेला, वाऱ्याला आडवे होऊन कुठल्या बाजूने निघायचे, नाकाला ओले फडके का लावायचे (अमोनिया पाण्यात विरघळतो म्हणून) आणि डॉक्टर कुठे भेटतील, एवढे लिहून आधी शेजारच्या वस्तीत पाठवले, नंतर वर्तमानपत्रांना. वरिष्ठांनी माझ्यावरचा राग मनात धरला, पण वस्तीत चेंगराचेंगरी झाली नाही.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मला नेले तेही बाईंच्या शिकवण्यानेच. तिथे नाशिक शहरापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो आणि तरी फाल्गुन-चैत्रात बायका झिऱ्यावर वाटीने पाणी भरत बसतात, याचे कारण तीव्र उतार आणि पाणी न मुरू देणारा काळा खडक, हे त्यांनी वर्गात तालुक्याचा नकाशा काढून समजावले होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला लावणे भाग पडले आणि २०१४ पासून असा पैसा जिल्ह्यात येऊ लागला, तो मला मनापासून हवा होता. मात्र पैशाबरोबर कोनशिला आणि फीत कापण्याचे कार्यक्रमही आले. पाड्यावरच्या बायकांना आधी विचारल्याशिवाय हातपंपाची जागा ठरवायची नाही, एवढा हट्ट मी धरला. जिथे तो चालला तिथली कामे टिकली. इतर ठिकाणी संगमरवरी पाटी तेवढी शाबूत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने पायी जाणाऱ्या मजुरांसाठी आम्ही विल्होळीजवळ जेवण आणि चपला दिल्या, हे अनेकांनी केले. आमच्या गटाने त्याबरोबर हिंदीत मोठ्या अक्षरांचे फलकही लावले: पुढचे पाणी किती अंतरावर, दवाखाना कुठे, आणि १ मे रोजी नाशिक रोडहून भोपाळला पहिली श्रमिक विशेष गाडी सुटल्यानंतर नाव कुठे नोंदवायचे, वैद्यकीय दाखला कुठून आणायचा. तान्हे मूल खांद्यावर घेतलेला एक माणूस तो फलक अक्षर लावत दोनदा वाचून माघारी फिरला आणि नाशिक रोडच्या दिशेने गेला. बाई त्या वेळी असत्या तर त्यांनी रस्त्यापलीकडे जाऊन फलक नक्की तपासला असता.

मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा फळ्याच्या जागी फ्लेक्स दिसला. त्यावर सात पाहुण्यांची छायाचित्रे होती, कार्यक्रमाची वेळ मात्र नव्हती. पालकांना सूचना आता व्हॉट्सॲपवर जातात आणि शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडल्या जातात, असे एका शिक्षिकेनेच सांगितले. शाळेची नवी इमारत चांगली आहे, संगणक कक्ष तर उत्तम आहे, पण फळा काढायला नको होता, हे मी सध्याच्या विश्वस्तांना तोंडावर सांगितले आहे आणि इथेही लिहून ठेवतो.

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आता तोंडावर आला आहे. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत भाविक गेले, ते ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. २०१५ च्या पर्वण्या (मुख्य स्नानाचे दिवस) तशा अनर्थाविना पार पडल्या. पंचवटीत चुकलेल्या माणसांसाठीची घोषणा, रस्ता बंद असल्याचा फलक, गर्दीत रक्तगट विचारण्याची पद्धत, अशा गोष्टी शिकवण्यासाठी मी दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात स्वयंसेवकांचा वर्ग घेतो. हिंदी, गुजराती किंवा तेलुगू नीट बोलणारे माजी विद्यार्थी आम्हाला कमी पडत आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव, भाषा आणि मोकळे वार शाळेच्या कार्यालयात लिहून द्यावेत.