तुम्ही विचारलंत म्हणून: जालन्याच्या माणसाचं बंदरावर काय काम?

चर्चच्या पायऱ्यांवर, मोंढ्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठ पडली की हा प्रश्न येतोच. "सर, आपल्याकडं प्यायला पाणी नाही अन् तुम्ही खलाशांची सेवा करायला न्हावा शेव्याला जाता?" आणि मग आवाज खाली घेऊन दुसरा प्रश्न: "तिथं त्यांना बाटवता का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. जहाजाची शिडी चढल्यावर मी कुणाचा धर्म विचारत नाही. पिशवीत बायबलच्या नव्या कराराच्या दोन-चार प्रती असतात, कुणी मागितली तरच निघतात. फिलिपिनो पोरं बहुतेक कॅथलिक, मी प्रोटेस्टंट मराठी शाळेचा मास्तर. त्यांना मी काय शिकवणार? कधी कुणी म्हणतं, निघायच्या आधी प्रार्थना करा. माझी इंग्रजी प्रार्थना अर्ज वाचल्यासारखी होते, म्हणून मी सरळ मराठीत करतो. एक अक्षर कळत नाही त्यांना, पण आमेन बरोबर जागेवर म्हणतात.

आता पहिला प्रश्न. त्यासाठी माझ्या बापाकडं जावं लागेल.

बाप अंबड तालुक्यातला, ऊसतोड मजूर. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, आई-बाप दोघं मिळून एक कोयता म्हणून मोजायचे, आणि कारखाना बंद होईपर्यंत कोल्हापूरकडं कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत राहायचं. आम्ही पोरं आजीजवळ. उचल फिटल्याशिवाय माघारी येता येत नसे, मग इकडं कुणी मेलं तरी. बापाला लिहिता येत नव्हतं. तरी महिन्याकाठी एक पोस्टकार्ड यायचं, अक्षर वळणदार, बाईचं, आणि बोलणं बापाचं: "शेळीला पाला घाला. धाकट्याला खोकला असंल तर हळद द्या." कारखान्याजवळची कुणी बाई संध्याकाळी कोप्यांवर येऊन मजुरांची कार्डं लिहून द्यायची. ती कोण, कुठली, बापानं कधी विचारलं नाही. आजी ती कार्डं देव्हाऱ्यासारखी फळीवर ठेवायची.

निवृत्त झालो, मुलगा पनवेलला राहायला गेला, त्याच्याकडं जाणं-येणं सुरू झालं आणि तिथल्या चर्चमधून एकदा बंदरावर गेलो. जहाज पाहून मला समुद्र नाही आठवला, कोपी आठवली. नऊ महिन्यांचा करार, ठरलेली टोळी, तीच वीस-बावीस तोंडं. कंटेनरचं जहाज धक्क्याला लागतं आणि बऱ्याचदा अठरा-वीस तासांत सुटतं. तेवढ्यात माल चढ-उतार, तपासण्या, कागद. 2004 पासून बंदरांची सुरक्षा कडक झाली, त्यामुळं खाली उतरायचं म्हटलं तरी पास, गाडी, फाटक असा खटाटोप. बरेच जण उतरतच नाहीत. समोर दिवे दिसतात, उरणच्या डोंगरावरची झाडं दिसतात, आणि पाय मात्र लोखंडावरच.

हे काम सुरू झालं तेच अशा दृश्यावरून म्हणे. 1835 साली जॉन अॅशली नावाच्या पाद्र्याला इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या खाडीत वाऱ्याची वाट बघत नांगरलेली जहाजं दिसली. त्यांच्याकडं कोण जातं, तर कुणीच नाही. मग तोच नाव घेऊन जाऊ लागला. पुढं 1856 मध्ये त्याची रीतसर संस्था झाली. आता वारा लागत नाही, बाकी फरक थोडा.

आम्ही नक्की काय करतो? किरकोळ कामं. हेल्मेट, चमकतं जाकीट, जाड बूट घालून शिडी चढायची, वहीत नाव लिहायचं, ओळखपत्र पहारेकऱ्याकडं ठेवायचं, आणि मेसमध्ये जाऊन बसायचं. बसणं हेच मुख्य काम. कुणाला सिमकार्ड, कुणाला शाम्पू, कुणाला दातदुखीची गोळी कुठं मिळेल ते सांगायचं. पगार थकला असेल तर कुठं तक्रार करायची, ते माहीत असावं लागतं. सागरी कामगारांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 2015 मध्ये स्वीकारला. दोन महिने पगार थकवला, तर मालकानं खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं त्यात धरतात. माझ्या बापाच्या वेळी असा कागद कुणी मुकादमापुढं ठेवला असता तर? असो.

आमच्या जालन्याच्या महिला मंडळाच्या बाया भर मे महिन्यात, पंख्याखाली घामाघूम होत लोकरीच्या टोप्या विणतात. शेजारणी हसतात. त्या टोप्या थंडगार बाल्टिक समुद्राकडं जाणाऱ्यांच्या डोक्यावर बसतात. आणि हंगामात मी मोसंबी नेतो, जालन्याची. समुद्रावरच्या माणसाला लिंबूवर्गीय फळ काय असतं, ते 1747 मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरनं दाखवलं होतं. हिरड्या सुजून मरणारे खलाशी संत्र्या-लिंबानं उठून बसले होते. आता जहाजावर शीतगृह असतं, तो रोग राहिला नाही. पण मोसंबी सोलली की मेसमधला डिझेलचा वास दोन मिनिटं मागं हटतो, एवढं मी पाहिलंय.

2020 मध्ये जाता आलं नाही. करार संपूनही जगभरात चारेक लाख खलाशी जहाजांवर अडकले होते. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या जालन्याहून गावाकडं पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. त्यांना निदान चालायला जमीन तरी होती, असं कुणी म्हणालं तेव्हा मी उठून गेलो.

गेल्या खेपेची गोष्ट सांगतो. मेसच्या दारात माझी पिशवी फाटली, मोसंब्या गडगडल्या. मी स्वतःशीच पुटपुटलो, "आता ही कामून फाटली?" ताटं पुसणारा पोरगा थबकला. "काका, तुम्ही आमच्याकडले का?" गेवराई तालुक्यातला निघाला. महिनोन्‌महिने मराठी ऐकलं नव्हतं त्यानं. मोसंब्या गोळा करता करता सगळं सांगून टाकलं: जहाजावर लावतो म्हणून एका एजंटनं तीन लाख घेतले, आईनं अर्धा एकर गहाण टाकला, आठ महिन्यांनी एजंटचा फोन बंद. पुढं सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडं नोंद असलेल्या कंपनीत लागला, तिथं एक रुपया लागला नाही. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत, हे त्याला जमीन गेल्यावर कळलं. आपल्या भागातल्या पोरांच्या बापांनो, हे वाक्य परत वाचा.

जहाज पहाटे सुटणार होतं, घर आठेक तासांवर. म्हणाला, "आईला फोनवर सगळं छानच सांगतो. तुम्ही डोळ्यानं बघितलंय, एकदा जाऊन सांगा ना."

गेलो. एसटीनं गेवराई, पुढं वडापनं. म्हातारीनं चहा केला, दूध शेजारून आणून. जहाज किती मोठं, विचारलं. तुमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत धरा, म्हणालो. मोबाइलवर जहाजाचा ठिपका दाखवायला गेलो, तर ते खोल समुद्रात, ठिपका दिसेना. तिला त्याचं काही वाटलं नाही. दाराशी निळा ड्रम होता, झाकणावर दगड. त्याकडं बघत म्हणाली, "तिथं टँकर कवा येतो?"

मी सांगितलं, टँकर नाही. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी तापवतात, वाफ धरून गोडं पाणी करतात. मोठ्या जहाजावर दोन टँकरभर निघतं.

"महिन्याला?"

"रोज."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग हे पोरगं आंघोळीला उगं सांडत नसंल ना?"