गाडी फायनान्सची, टोमॅटो कुणाचे?

कोर्टात निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात एका पिकअपवाल्याचा फोन आला. "मॅडम, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. मालासकट." नारायणगाव मार्केटला टोमॅटो घेऊन निघाला होता. रस्त्यात दोन मोटारसायकली आडव्या घातल्या, चावी काढून घेतली, एका कागदावर सही घेतली आणि गाडी थेट ओढून आणलेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात. तीन हप्ते थकलेत, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

पोलीस ठाण्यात ठरलेलं उत्तर मिळालं: "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." थकबाकीचा वाद सिव्हिल, मान्य. पण भर रस्त्यात माणसाला अडवून चावी हिसकावणं सिव्हिल कसं? वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश कौर प्रकरणात २००७ सालीच बजावलंय. कंपनीला हक्कच नाही, असं मी म्हणत नाही. करारात तसं कलम असेल तर हप्ते थकल्यावर ती गाडी ताब्यात घेऊ शकते. पण करारात नोटीस लिहिली असेल तर आधी नोटीस द्यायची, आणि दांडगाई करायची नाही. ताबा कसा घेणार, लिलावाआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, हे करारात लिहिणं रिझर्व्ह बँकेने फायनान्स कंपन्यांना बंधनकारक केलंय. या करारातही नोटिशीचं कलम होतं. कंपनीच्या मॅनेजरकडे नोटिशीची पोच मागितली. ती काही निघाली नाही.

तिथून यार्डात गेलो. उन्हात पिकअप उभी, वर क्रेटची थप्पी, खालच्या क्रेटमधून रस गळायला लागलेला. ताब्याची यादी मागवली: स्टेपनी, जॅक, टेप, ताडपत्री. टोमॅटोचं नावही नाही! अशिलाची सही ज्या कागदावर घेतली, त्यावर "स्वखुशीने गाडी जमा करत आहे" असं छापलेलं. मला खरा संताप आला तो इथे. तारण गाडी आहे, तिच्यातला माल नाही. तो तर तीन शेतकऱ्यांचा, ज्यांनी या कंपनीकडून छदामही घेतलेला नाही.

हे तीन शेतकरी ठाण्यात येऊन बसले, तेव्हा कुठे साहेबांनी मॅनेजरला फोन लावला. दुपारी माल दुसऱ्या टेम्पोत भरला. तोवर मार्केटमधली तेजी उतरली होती. खालचे क्रेट तर कुणी घेईनात.

गाडी अजून यार्डातच आहे. स्वतः चालवून पोट भरणारा गाडीमालक कायद्याने ग्राहकच, म्हणून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. लिलावाला मनाई, यार्डाचं भाडं माफ आणि नासलेल्या मालाची भरपाई, असं तिन्ही मागितलंय. थकलेले हप्ते भरायला माझा अशील तयार आहे, हेही त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.