सांधा दिसतोय

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

"सांधा दिसतोय." काल संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून, गुडघ्यावर हात टेकून, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी मी दगड जोडून केलेल्या कमानीच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, म्हणाले आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी म्हटलं, "दिसू दे."

झालं ते एवढंच. कुणाचा आवाज चढला नाही, जेवणं वेळेवर झाली, चिनूने एक पोळी जास्तच खाल्ली. तरी रात्री दोन वाजता मी हॉलमधला दिवा लावून त्या कमानीसमोर बसले होते आणि मला रडू येत होतं.

तीन आठवडे. ऑफिसातून आल्यावर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ आणि रविवारच्या अख्ख्या दुपारी. गॅलरीत जुनी चादर अंथरून पंधरा किलो कोरडा दगड मांडायचा, एकेक तुकडा उचलायचा, फिरवायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, नाही बसला की खाली ठेवायचा. मंदारने महिनाभर कपडे बेडरूममध्ये वाळत घातले आणि चकार शब्द काढला नाही. ते मला दिसत होतं. त्याला तसं सांगायचं राहिलं, ते राहूनच जातं.

आणि या सगळ्यातून बाबांना काय दिसलं, तर सांधा.

हे दगड समुद्रातले नाहीत, मुद्दाम तयार केलेले आहेत, चुनखडीच्या जातीचे, आतून स्पंजासारखे पोकळ. समुद्रातले आणायचेच नव्हते. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. त्यांचे तुकडे उचलून आणून पुण्यात तिसऱ्या मजल्यावर शोभेला ठेवायचे, हे मला पटणारच नव्हतं. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आपला काळा दगड काय वाईट आहे?" मी सांगितलं, तो भरीव असतो. मला भोकं हवीत, त्या भोकांतच ते जीवाणू राहतात, पाणी तेच साफ ठेवतात. त्यांनी एक तुकडा हातात घेऊन वजन पाहिलं, नखाने खरवडला, नखात आलेली पांढरी पूड अंगठ्याने चोळली. "चुना," म्हणाले. तेव्हा खूष दिसले होते. निदान मला तसं वाटलं होतं.

त्यांना चुना कळतो. बेलफळ, गूळ घालून घाण्यात मळलेल्या चुन्याच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. पुढे प्रवाळ ठेवले की त्यांना सांगाडा वाढवायला कॅल्शियम लागतं आणि बरेच लोक त्यासाठी टाकीत चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडतात, हे सांगितलं तेव्हा तर ते खुर्चीतून पुढे सरकून बसले होते. "म्हणजे घरही चुन्याचं आणि खाणंही चुन्याचंच." मग टाकीचा हिशेब विचारला. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. पाणी, दगड, वाळू, काच आणि लोखंडी स्टँड धरून पावणेतीनशे किलोच्या आसपास. कागदावर मांडलं, तुळई कुठून गेलीय ते भिंतीवर बोट ठोकून पाहिलं आणि टाकी खिडकीखालून हलवून खांबाजवळच्या भिंतीला लावायला लावली. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेत ज्यांनी पाणी चढताना पाहिलंय, त्यांना घरात पाणी साठवताना मी काही शिकवू शकत नाही.

म्हणजे त्यांना यात रस नव्हता असं मुळीच नाही. म्हणूनच लागलं.

पहिली कमान मी नुसत्या सुपरग्लूने जोडली होती. जेलसारखा घट्ट असतो तो, ओघळत नाही. हरभऱ्याएवढा थेंब, दुसरा दगड त्यावर दाबायचा, आणि फटीत त्याच दगडाची पूड भुरभुरायची. पूड पडताच चर्र करून धूर येतो, डोळ्यांना झोंबतो, दगड बोटाला गरम लागतो आणि क्षणात सगळं टणक. चुनखडीचा अल्कधर्मी गुण त्या ग्लूला घाईने घट्ट करतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली होती. दोन दिवसांनी कमान वरच्या दगडाला धरून उचलली आणि मधोमध तुटून एक पाय चादरीवर पडला. हा ग्लू सुकला की काचेसारखा कडक होतो आणि काचेसारखाच ठिसूळ. सरळ ओढ सोसतो, धक्का बसला किंवा पीळ पडला की सुटतो.

मग एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी. दोन रंगांच्या दोन वड्या, हातमोजे घालून एकच रंग येईपर्यंत मळायच्या. एका दगडाला ग्लू, वर पुट्टीची गोळी, तिच्यावर पुन्हा ग्लू, मग दुसरा दगड. ग्लू लगेच धरतो, पुट्टी सावकाश घट्ट होते, खरा भार तीच घेते. पण त्याच्याही आधी दगड कोरडाच नीट बसला पाहिजे. तीन जागी टेकला पाहिजे, चुलीच्या तीन दगडांवर पातेलं टेकतं तसा. दोन जागी टेकलेला दगड कितीही लेपा, तो डुगडुगण्याची संधी शोधत असतो. हे मला कुणी शिकवलं नाही. माजगावात आईच्या चुलीपुढे बसून... असो.

दुसऱ्या कमानीचे पाचही दगड असे बसवले. काचेपासून अडीच इंच जागा सोडली, आतून काच पुसायचं चुंबक फिरायला. ती वाळूवर ठेवायची नाही, टाकीच्या तळाला ठेवून मग सभोवती वाळू पसरायची, कारण काही मासे वाळू उकरतात आणि वाळूवर उभं केलेलं एक दिवस कलंडतं. काल दुपारी तिला वरून धरून उचललं. हलली नाही. पुन्हा उचललं, हलकेच झटका दिला. नाही हलली. मग हॉलमध्ये आणून वर्तमानपत्रावर ठेवली आणि बाबांना हाक मारली.

मला काय ऐकायचं होतं? रात्री दोन वाजता हेच विचारत बसले. "छान" ऐकायचं होतं का? ते "छान" म्हणत नाहीत. माझ्या दहावीच्या निकालाला म्हणाले नाहीत, दादाच्या बंगल्याला म्हणाले नाहीत. त्यांनी मनापासून वाखाणलेली एकच जागा मला आठवते. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आम्ही लहान असताना तिथल्या गोल नंदीमंडपापाशी उभं करून म्हणाले होते, "बघा. बाराशे वर्षं झाली. अख्ख्या एका खडकातून कोरलंय. सांधा नाही." त्या "सांधा नाही"मध्ये जो आदर होता तो अजून कानात आहे.

आणि मला म्हणाले, सांधा दिसतोय.

रात्री मी टॉर्च धरून तो सांधा पाहिला. खरंच दिसतो. दगड मळकट पांढरा, खडबडीत, आणि मधे करड्या पुट्टीचा पट्टा, बोटभर रुंद. मी तो अंगठ्याने दाबून गुळगुळीत केला होता, नीटनेटका दिसावा म्हणून. पुट्टी घट्ट होत आल्यावर हातमोजा काढला असणार, कारण त्यात माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. त्या अख्ख्या कमानीत गुळगुळीत अशी तेवढीच एक जागा आहे. नजर तिथेच जाणार.

मग मनाशी म्हटलं, पाणी भरलं की हे कुठे राहणार आहे? लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास मीठ, मग कित्येक आठवडे नुसतं थांबणं, दगडातले ते जीवाणू वाढून अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट होईपर्यंत. एकही मासा नाही. नंतर कधीतरी एखाद्या गोगलगायीच्या शंखावरून ते गुलाबी, चुनखडीसारखं कडक शेवाळ येतं आणि सगळ्यावर चढतं, दगडावर, काचेवर, पुट्टीवरही. वर्षभरात सांधा कुठे होता ते मलाही सापडणार नाही. पण वर्षभरात. बाबा दिवाळीनंतर दादाकडे जाणार. त्यानंतरचं काही ठरलेलं नाही.

आणि मग, साडेतीनच्या सुमाराला असेल, माझा रागच बदलला. त्यांचं वाक्य मागे गेलं, माझं पुढे आलं. "दिसू दे." कुठल्या आवाजात म्हटलं मी ते? ऑफिसात नको असलेल्या माणसाचा फोन ठेवताना वापरते तो आवाज. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात दगडी बांधकाम तपासलेल्या माणसाने वाकून, गुडघा दुखत असताना वाकून, माझं काम तपासलं. चिनूच्या चित्रासारखं लांबून बघून मान डोलावली नाही. आणि मी म्हटलं, दिसू दे. नंतर त्यांनी टीव्ही लावला, पण आवाज बंदच होता. तेव्हा लक्षात आलं नाही.

आज संध्याकाळी घरी आले. गुरुवार, पाणी बंद. पाहते तर भरून ठेवलेली एक बादली अर्धी झालेली आणि हॉलमधल्या वर्तमानपत्रावर माझ्या दगडांच्या कपच्या धुऊन, पुसून, मापाने रांगेत लावलेल्या. डावीकडे करंगळीच्या नखाएवढ्या, उजवीकडे सुपारीएवढ्या. मी त्या गॅलरीत डब्यात टाकून ठेवल्या होत्या, फेकायच्या म्हणून. पहिला विचार आला तो पाण्याचा. आज पाणी नाही आणि यांनी दगड धुतले! तोंडापर्यंत आलं होतं. नशीब, चपला काढत होते.

"ती पुट्टी खरवडून निघेल का?" बाबांनी विचारलं.

"थोडी निघेल."

"थोडीच काढायची. दरज दगडाच्या तोंडापासून दोन सूत आत ठेवायची असते. सावली पडते तिथे. तू बाहेर काढून लिंपलीस."

कालच्या "दिसतोय"चा उरलेला भाग तो होता. काल मी तो ऐकायला थांबले नव्हते.

चिनूच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन मी दीड तास ती पुट्टी कोरली. दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढं काही जमलं नाही, एक सूत असेल. माझ्या अंगठ्याचा ठसा पूड होऊन खाली पडला. बाबा कपच्या निवडून द्यायचे, फिरवून, कुठली बाजू आत ते दाखवून. मी ग्लूचा थेंब लावून बसवायची, वर पूड भुरभुरायची. धूर आला की ते मान मागे घ्यायचे आणि लगेच पुन्हा पुढे यायचे. एक कपची तिरकी बसली, त्यांनी "राहू दे, चालतं तसं" म्हटलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी याआधी ऐकल्याचं आठवत नाही. कालच्या उत्तराबद्दल मी काही बोलले नाही. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा त्यांनी पुढची कपची हातात दिली.

साडेनऊला उठलो. उजवीकडून पाहिलं तर सांधा सापडत नाही. समोरूनही नाही, माहीत असेल तरच. डावीकडून, टीव्हीच्या बाजूने उभं राहिलं की मात्र करड्या रंगाची एक बारीक रेघ अजून दिसते, दाढीच्या ब्लेडएवढी.

बाबांची खुर्ची त्याच बाजूला आहे. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गोळी घेऊन झोपायला गेले. काही बोलले नाहीत. मी दहा मिनिटं तिथेच उभी होते, बोलतील म्हणून.

त्यांच्या खोलीतला दिवा बंद झालाय. सकाळी चहाच्या वेळी विचारीन, दिसतोय का.