होळीत चिठ्ठी जळते कशी

फाल्गुन शुद्ध चतुर्दशी, मुंबई

उद्याची होळी लहानच हवी. पेव्हर ब्लॉकवर थेट जाळ केला की आत मुरलेल्या ओलीची वाफ होते आणि वरचा पापुद्रा फुटून उडतो. म्हणून आधी चार बोटं जाडीचा मातीचा थर. मधोमध एरंडाची फांदी, नाही मिळाली तर ऊस. भोवती चाळीसेक गोवऱ्या, बुडाशी वारा शिरेल अशा फटी ठेवून. या दमट हवेत गोवरी वरून कोरडी दिसते आणि मोडली की आत ओलसर निघते. दुपारभर उन्हात टाकली नाही तर नुसता धूर होतो, मग कुणीतरी रॉकेल घेऊन धावतं. कापूर पुरतो. ओलं लाकूड तर नकोच. ते धड जळत नाही आणि शहरात विनापरवाना झाड तोडणं १९७५च्या कायद्याने गुन्हा आहे.

वर्षभराच्या चुका चिठ्ठीवर लिहून जाळायच्या, तर खरी गोम तिथे आहे. पेटल्या होळीत वरून टाकलेली चिठ्ठी जळण्याआधी उडते. तापलेली हवा तिला उचलते, समुद्रावरचा वारा पुढे नेतो आणि अर्धवट जळका कागद शेजारच्या बाल्कनीत, नाहीतर परांचीच्या हिरव्या जाळीवर जाऊन पडतो. अक्षरं वाचता येतात ते वेगळंच! चार घड्यांची चिठ्ठी कडेने काळी पडते, पण आत हवा पोचत नाही म्हणून मजकूर शाबूत राहतो. वहीचा साधा कागद, एकच घडी, आणि पेटवण्याआधीच मधल्या पोकळीत गोवरीखाली दाबायचा. लोटीतल्या पाण्याची धार प्रदक्षिणेत थोडी लांबूनच सोडावी. कुणाचे पैसे बुडवले असतील तर मात्र चिठ्ठी नको, पैसे द्यावेत.

नारळ अख्खा टाकला की आतलं पाणी उकळून कवटी फुटते आणि निखारे उडतात. डोळा फोडून, पाणी काढून टाकावा. नैवेद्याला पोळीचा तुकडा पुरे. अंधश्रद्धा निर्मूलन समिती उरलेल्या पोळ्या गरजूंना द्या म्हणते, ते पटतं.

जुन्या लोकांना चिठ्ठी लागत नसे. तोंडावर उलटा हात मारून ठोकलेली बोंब पुरायची, आणि मोकळं तीच जास्त करते. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. बोंबेला तो लागतच नाही.

धुळवडीच्या सकाळी राख वरून गार लागते, आत निखारा असतो. काठीने उकरून पाणी, पुन्हा उकरून पाणी. प्लास्टिकच्या डब्यात लगेच भरू नये, बूड वितळतं.