एक झेंडा, तीन पडदे

सन १९९२ मध्ये मी आठवीत असताना ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या संगणक कक्षात तीन प्रकारचे मॉनिटर होते. चपला बाहेर काढून आत गेले की भिंतीलगत हिरव्या अक्षरांचे जुने मोनोक्रोम, खिडकीशी राखाडी छटांचा एक व्हीजीए (पडद्यावर चित्र उमटवण्याची त्या काळची एक पद्धत) आणि कोपऱ्यात कापडी झाकणाखाली एकुलता एक रंगीत. मासुंदा तलावावरून भिजत आलेल्या मुलांना त्या रंगीत मॉनिटरजवळ फिरकू दिले जात नसे.

ऑगस्टमध्ये मी बेसिक या संगणकाच्या भाषेत तिरंगा काढणारा प्रोग्राम लिहिला. सोळा रंगांत केशरी नव्हता, म्हणून वरच्या पट्ट्यासाठी तपकिरी, म्हणजे क्रमांक ६, मधल्यासाठी पांढरा, म्हणजे १५, आणि खालच्यासाठी हिरवा, म्हणजे २, असे आकडे दिले आणि खाली निळ्या, म्हणजे १ क्रमांकाच्या रंगात ‘जय हिंद’ लिहिले. हिरव्या पडद्यावर वरचा व खालचा पट्टा एकसारखा, मधला थोडा तेजस्वी, आणि ‘जय हिंद’ निळे होण्याऐवजी चक्क अधोरेखित झाले! त्या यंत्रात पडद्याकडे चित्र पाठवणाऱ्या कार्डाला रंग ठाऊकच नव्हते; साधे, ठळक, अधोरेखित, उलटे आणि लुकलुकणारे एवढेच त्याला कळे. अक्षरे मात्र तिथली रंगीत पडद्यावरच्यापेक्षा रेखीव असत, कारण आतून फॉस्फरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की चमकणाऱ्या पदार्थाचा, एकच सलग लेप होता. रंगीत पडद्यावर तीन इलेक्ट्रॉन गनांचे झोत जाळीदार मास्कमधून लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांवर पडतात. बाईंनी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून भिंग आणून ते ठिपके आम्हाला दाखवले होते.

खरा घोटाळा राखाडी मॉनिटरवर झाला. चौसष्ट छटा असूनही केशरी आणि हिरवा तिथे हुबेहूब सारखे दिसत होते. माझीच चूक असणार, असे मी धरून चाललो होतो. पण बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. व्हीजीए राखाडी छटा ठरवताना लालचे ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेते. तपकिरीत लाल दोन-तृतीयांश आणि हिरवा एक-तृतीयांश, म्हणजे २० अधिक १९.७, एकूण ३९.७, नुसत्या हिरव्याचे दोन-तृतीयांश ३९.३. डोळ्यांना हा फरक कळणार कसा?

मग ६ च्या जागी उजळ लाल, म्हणजे १२, घातला. राखाडीवर पट्टे वेगळे झाले, पण रंगीत पडद्यावर झेंडा गुलाबीसर दिसू लागला. अखेर फ्लॉपीवर दोन प्रती ठेवल्या आणि प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत, ती कोणत्या मॉनिटरची, ते लिहून टाकले.