तीन दिवसांचं तिकीट : अण्णांचा पॅच आणि आम्ही

अण्णांना तोंडाचा कॅन्सर आहे. चाळीस वर्षांची तंबाखू, त्यातली बरीचशी एसटीच्या कंडक्टरकीतली. रात्रवस्तीच्या गाडीवर झोप लागू नये म्हणून सुरू केलेली. गेल्या वर्षी गालाचं आणि जबड्याचं ऑपरेशन झालं, मग मिरजेला रेडिएशन. दिवाळीनंतर दुखणं पुन्हा मानेत उतरलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "आता त्रास कमी ठेवायचा, तेवढं नक्की करता येईल." त्या 'तेवढ्या'साठी आमच्या घरी काय काय करावं लागलं, ते लिहितोय.

आधी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून काढलेल्या जोरकस वेदनाशामकाच्या, गोळ्या होत्या. 10 मिलिग्रॅमची एक, दर चार तासांनी. गिळता येत नाही, म्हणून सगळं नाकातल्या नळीतून. गोळी खलात बारीक करायची, पाण्यात ढवळायची, सिरिंजनं सोडायची, मागाहून साधं पाणी सोडून नळी धुवायची. रात्री 2 ला आणि 6 ला मोबाइलचा गजर. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि तो नेमका सौद्यांचा हंगाम. एकदा डुलकी लागून पोत्यांचा आकडा चुकला, मालकांनी काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. दोनदा नळी तुंबली. शिवाय बद्धकोष्ठ असं की अण्णांनी पाटीवर लिहिलं, "दुखलेलं परवडलं." (बोललेलं आता नीट कळत नाही, म्हणून नातीची पाटी त्यांनीच ताब्यात घेतली आहे.)

मिरजेच्या पेन क्लिनिकमधल्या मॅडमनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दिवसाला 60 मिलिग्रॅम मॉर्फिन अंगवळणी पडलंय. आपण फेंटानिलचा पॅच लावू. 25 चा." पॅच म्हणजे कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी; 25 म्हणजे ताशी 25 मायक्रोग्रॅम, सलग 72 तास. हे औषध मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट जोरकस. ज्याच्या अंगाला अशा औषधांची सवयच नाही, त्याला हाच पॅच श्वास मंदावून मारू शकतो. हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारलं आणि ते बरं झालं, कारण पुढच्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी गुडघ्यासाठी "एक द्या की आम्हालाही" म्हणून मागितला.

बायकोनं विचारलं, "मग माझ्या आईच्या इन्सुलिनला असा पॅच का नाही निघत?" मॅडम हसल्या. कातडीचा सगळ्यात वरचा थर हीच मोठी भिंत. तिच्यातून लहान आणि चरबीत विरघळणारे रेणूच पलीकडे जातात. फेंटानिल तसं आहे. इन्सुलिनचा रेणू फार मोठा. अंगाला चिकटवायचे इन्सुलिन पंप मिळतात, पण त्यांची बारीक नळी कातडीखाली गेलेली असते. अण्णांच्या पॅचला ना सुई ना बॅटरी, नुसती पट्टी.

चिठ्ठी घेऊन मी सांगलीत तीन मेडिकल फिरलो. दोघांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यानं चिठ्ठी उलटीसुलटी करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पेशंट कुठाय?" जणू मीच नशेचं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी कळलं की ही वणवण फुकटची होती. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात ही औषधं येतात. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळालेली हॉस्पिटलं ती ठेवू शकतात, पण नोंदवही काटेकोर. त्यामुळं विचारायचं ते हॉस्पिटलच्या फार्मसीतच. तिथं आधारची झेरॉक्स, पेशंटचं नाव, किती दिले, माझी सही. आणि एक अट : वापरलेले पॅच परत आणून द्यायचे. महिन्याला दहा. तीन दिवस अंगावर राहूनही पट्टीत बरंच औषध उरतं, म्हणून ते केराच्या डब्यात टाकायचं नाही.

पहिला पॅच सिस्टरनी लावून दाखवला. मानेची आणि छातीच्या वरची कातडी रेडिएशननं करपलेली, ती वर्ज्य. डाव्या दंडाची वरची बाजू निवडली. तिथले केस कात्रीनं कापले, वस्तरा नाही, कारण बारीकशी जखम झाली तरी औषध जास्त शिरतं. साबण नाही, स्पिरिट नाही, तेल नाही. नुसतं पाणी आणि पूर्ण कोरडं. मग पाठीचा कागद सोलून पट्टी ठेवली आणि तळहात दाबून तीस सेकंद मोजले. पट्टी कधीही कापायची नाही. पुढच्या वेळी दुसरी जागा, आणि जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. ही शेवटची सूचना मला तेव्हा फालतू वाटली. पण पट्टी पारदर्शक असते आणि उन्हाळ्यात घामानं सरकून पाठीमागं गेली की दिसत नाही. आता आम्ही कडेनं मायक्रोपोरची कागदी चिकटपट्टी लावतो आणि त्यावर तारीख-वेळ घालतो.

अण्णांनी पट्टीकडं बघून पाटीवर लिहिलं : "तिकीट." खाली : "आवडेल तेथे प्रवास चार दिवसांचा होता. हा तीनच."

पहिल्या दिवशी मात्र काहीच गुण आला नाही आणि मी चिडलो. औषध आधी कातडीत साठतं, मग सावकाश रक्तात उतरतं. बारा ते चोवीस तास जातात. म्हणून पहिले बारा तास गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या होत्या. त्या दिल्या. दुसऱ्या रात्री मी सवयीनं दोनला जागा झालो, तर अण्णा घोरत होते. मी तसाच उंबऱ्यात बसून राहिलो.

या घोरण्याबद्दल पुढं सांगायचं आहे.

मार्चमध्ये तासगावची आत्या भावाला भेटायला आली. अण्णांचा डावा खांदा आखडला होता. आत्यानं तव्यावर खडं मीठ भाजलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि प्रेमानं शेक दिला. अर्धा-पाऊण तास, खांद्यापासून दंडापर्यंत, पट्टीच्या वरून. मी दुकानात. बायकोनं बघितलं, पण तिलाही ते औषध वाटलं नाही, चिकटपट्टी वाटली. तिला दोष काय देणार? पॅचला ऊब लागली की औषध भराभर शिरतं, हे मला सांगितलं होतं आणि मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. गरम पाण्याची पिशवी, ऊन, कडकडीत अंघोळ, अगदी अंगातला तापसुद्धा, सगळं त्यात आलं.

संध्याकाळी मी आलो तेव्हा अण्णा झोपलेले. आत्या म्हणाली, "शेकानं कसं छान लागलंय बघ." घोरणं नेहमीचं नव्हतं. एक मोठा घोर, मग शांतता, मग एक घोर. मी घड्याळ लावून छातीकडं बघत बसलो. मिनिटाला आठ श्वास. हलवलं तर डोळे उघडले, पण लगेच मिटले. क्लिनिकच्या नंबरवर फोन लागला. मॅडमनी तीनच गोष्टी सांगितल्या : पट्टी काढा, झोपू देऊ नका, घेऊन या.

पट्टी काढली, आत दुमडून डबीत टाकली. शेजाऱ्याच्या ओम्नीत घातलं. विश्रामबागच्या सिग्नलला मी त्यांच्या कानाशी "अण्णा, स्वारगेट आलं, उतरा" असं काहीतरी ओरडत होतो, आठवलं की लाज वाटते. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, नॅलोक्सोनचं, म्हणजे या औषधाच्या उताऱ्याचं, इंजेक्शन भरून ठेवलं. ते द्यावं लागलं नाही. पण घरीही सोडलं नाही, कारण पट्टी काढली तरी कातडीतला साठा संपत नाही. रक्तातलं औषध निम्म्यावर यायलाच सतरा तासांच्या आसपास लागतात. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी श्वास मोजले. पहाटे चारला ते मिनिटाला बारा झाले. आत्या बाकावर बसून रडत होती आणि अण्णा जागे झाल्यावर पाटी मागून लिहित होते : "तिला चहा द्या."

घरातला बंब त्याच आठवड्यात माळ्यावर गेला. आता कोमट पाण्यानं अंघोळ. ताप आला तर वाट न बघता फोन. पॅच कपाटात कुलपात, कारण नातीला स्टिकर दिसलं की ते कुणाच्या तरी कपाळावर लागतं. आणि पाहुणा कोणीही असो, दारातच बायको सांगते, "दंडाला हात लावायचा नाही, ते औषध आहे."

बदलायचा वार दर खेपेला सरकतो : सोमवार, गुरुवार, रविवार, बुधवार. माझा गोंधळ व्हायचा. अण्णांनी कालनिर्णयवर पूर्ण महिन्याचा ड्यूटी चार्ट लावला, वेळेसकट. सकाळी नऊ वाजता दंड पुढं करून बसलेले असतात. मधेच कळ आली तर नळीतून द्यायला मॉर्फिनची एखादी गोळी आहे, तिचीही नोंद तेच ठेवतात. बद्धकोष्ठ पूर्ण गेलं नाही, पण रोजची लढाई संपली.

परवा मिरजेला गेलो तेव्हा काउंटरवर मला बाजूला सारून अण्णांनी स्वतः डबी उघडली. वापरलेले पॅच दुमडून कागदावर ओळीनं चिकटवलेले, खाली तारखा, डेपोत कॅश भरताना असावं तसं. सिस्टर मोजायला लागल्या. अण्णांनी पाटी पुढं केली.

"घेतले 10. परत 9. अंगावर 1."

सिस्टरनी नोंदवहीत बघितलं, आकडा जुळला, सही घेतली.