आमची वाटचाल : उजवा पीळ, डावा पीळ

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात टाक्या, स्टँड, रेलिंग, येईल ते फॅब्रिकेशन करायचो. स्टॅटिक मिक्सरकडे, म्हणजे आतल्या पिळाच्या पट्ट्यांनी मोटरशिवाय माल मिसळणाऱ्या पाइपकडे, वळवलं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी. व्यासाच्या दीडपट लांबीची ३१६ स्टेनलेसची पट्टी, १८० अंशांचा पीळ, एक उजवा तर पुढचा डावा, कडा एकमेकींना काटकोनात. पट्टी पिळायची जिग, म्हणजे साचा, आम्हीच बनवली. स्टेनलेस सोडलं की थोडं मागे येतं. किती जास्त पिळायचं ते आमच्या मिस्त्रींच्या हाताला ठाऊक. गुण्या लावल्याशिवाय ते वेल्डिंगचा टॅक मारत नाहीत.

बरं चाललं होतं. मग आमच्याकडेच शिकलेल्या एकाने जवळच शेड टाकली आणि निम्म्या भावात मिक्सर विकायला लागला. परवडायचं कसं? सगळे पीळ एकाच दिशेचे! जिगचं सेटिंग बदलायला नको. जाणकाराला सांगायला नको, दिशा उलटली नाही की माल नुसता गोल फिरत पुढे जातो, मधला मधेच. उलटसुलट पीळ असेल तर दर पट्टीला मालाचे थर दुप्पट. दहा पट्ट्यांत १०२४. जाड रेझिनला दुसरा आधारच नाही. गिऱ्हाइकांचं रेझिन कच्चं राहिलं आणि बोभाटा झाला तो ‘स्टॅटिक मिक्सर चालतच नाही’ असा. आमच्या ऑर्डरी आटल्या, हप्ते थकले, जिग भंगारात काढायची भाषा घरात सुरू झाली. तो तोवर कन्व्हेयरच्या धंद्यात शिरलाही होता. आजही प्रदर्शनात भेटला की ‘काका’ म्हणत पाया पडतो.

साहेबांच्या परचेसनेही तोच स्वस्त माल उचलला होता. साहेबांनी तो ग्राइंडरने उभा कापला, शेजारी आमचा ठेवला आणि परचेसवाल्यांसमोर एकेका पट्टीवर बोट ठेवत गेले : ‘उजवा, उजवा, उजवा.’ आमची ऑर्डर निघाली, अ‍ॅडव्हान्ससकट. पुढे गाडी रुळावर आली, स्वतःचा गाळाही झाला.

जाता जाता. ‘दोन इंची मिक्सर, रेट सांगा’ अशी चौकशी पाठवू नका. फ्लो, दोन्ही मालांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा), परवडेल तो प्रेशर ड्रॉप (मिक्सरमध्ये घटणारा दाब) कळवा. मोटर नाही म्हणून ढवळणं फुकट होत नाही, जोर पंपाचाच लागतो. पाण्यात तुरटी मिसळायला थोड्या पट्ट्या पुरतात. उगाच बारा लावून पंप दमवू नका. आणि रेझिन कडक करणारा पातळ हार्डनर जाड रेझिनमध्ये सोडताना नोझल मधोमध आणा. भिंतीलगत सोडलात तर तो कडेकडेने निसटतो आणि शिव्यांचा फोन आम्हाला येतो.